डब्ल्यूपीसीला 'हो' सगळेच म्हणतात, सही करायला कोणी तयार नसतं

नागपुरात हिंगणा रोडकडे एका ट्रस्टचं मुलींचं होस्टेल आहे, तीन मजली, बरंच जुनं. त्याच्या दुरुस्तीचं काम आमच्या छोट्या फर्मकडे आलं. यादीत वॉटरप्रूफिंग, वायरिंग, रंग असं सगळं होतं आणि अगदी शेवटी "बाथरूमची दारे पाहणे" एवढीच एक ओळ. साईटवर गेले तर मुलींनी आधी ती दारंच दाखवली. फ्लश डोअरचा खालचा वीतभर भाग फुगून पापुद्रे सुटलेले, चौकटीचे पाय उधईने आतून खाल्लेले, कडी लागतच नाही. आत गेलेली मुलगी पाण्याने भरलेली बादली दाराला टेकवते आणि मैत्रीण बाहेर उभी राहते, अशी त्यांची रोजची व्यवस्था. यवतमाळ, गोंदिया, गडचिरोलीहून शिकायला आलेल्या पोरी या. मला ते ऐकून राग आला, आणि मी तिथेच ठरवलं की वॉटरप्रूफिंगच्या आधी दारांचा विषय संपवायचा.

तिथल्या वापराला लाकूड टिकणारच नव्हतं. दिवसभर पाणी सांडलेलं, बाथरूमला उजेड कमी, आणि खाली आपली काळी माती, जिच्यात उधई ठाण मांडून बसलेली असते. दर दोन-तीन वर्षांनी दार बदलायचं, खालून ॲल्युमिनियमचा पत्रा मारायचा, तो पत्रा सुटला की त्याची धार पायाला लागायची, हे चक्र तिथे चालूच होतं. म्हणून मी चौकट आणि पल्ला (उघडझाप होणारं दार) दोन्ही डब्ल्यूपीसीचे, म्हणजे वूड प्लास्टिक कंपोझिटचे सुचवले. वितळवलेल्या प्लास्टिकमध्ये लाकडाचा भुसा मिसळून साच्यातून काढलेला माल. नागपुरात आता प्रत्येक प्लायवूडच्या दुकानात मिळतो, नवीन काहीच नाही.

पहिल्या मीटिंगला आर्किटेक्ट सर होते, सल्लागार इंजिनिअर साहेब होते, ठेकेदार भाऊ आणि ट्रस्टच्या एक काकू होत्या. मी मांडलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, चांगलं मटेरियल आहे, पाण्याला चालते, उधई लागत नाही, काही हरकत नाही. मी खूश होऊन मिनिट्स लिहून पाठवले आणि त्या मिनिट्सवर सही मागितली की फोन शांत. सर म्हणायचे साहेबांना विचारा, साहेब म्हणायचे आर्किटेक्टचं ड्रॉइंग येऊ द्या, भाऊ म्हणायचे तुम्ही लेखी द्या मी आणतो, काकू म्हणायच्या तुम्ही जाणकार लोकं काय ते ठरवा. मग मी एकेकाला वेगळं भेटायला सुरुवात केली, आणि खरं बोलणं तिथे झालं.

सर धरमपेठेत बसतात, साठीच्या आसपास असतील, माणूस अतिशय सज्जन आणि लाकडावर मनापासून प्रेम करणारा. त्यांनी मला समोर बसवून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ, आपण सीपी टीकच्या, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातल्या नावाजलेल्या सागवानाच्या गावात राहतो. नव्या संसदेला सागवान नागपूरहून गेला, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना बल्लारपूरचा सागवान गेला, लकडगंज नावाचा अख्खा भाग आपल्याकडे लाकडावर उभा राहिला, आणि मी माझ्या ड्रॉइंगवर प्लास्टिकची चौकट लिहू?" मला त्यांचं पटलं. सागवानाला तोड नाही हे मीही मानते. पण सर, होस्टेलच्या बाथरूमला सागवान कोण देणारे? तिथे सागवान आणि डब्ल्यूपीसी अशी निवडच नाहीये, तिथे निवड आहे स्वस्त जंगली लाकूड आणि डब्ल्यूपीसी यांच्यात. हे बोलल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी खरी अडचण सांगितली. काही वर्षांपूर्वी एका बंगल्याला त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर गडद कॉफी रंगाचे डब्ल्यूपीसी लुव्हर (फटी ठेवून लावलेल्या पट्ट्या) लावले होते आणि एकाच उन्हाळ्यात ते मधून पोट काढल्यासारखे झाले, रंगही उडाला. मालक अजूनही भेटला की तोच विषय काढतो. म्हणजे त्यांना सागवानाचं प्रेम होतं ते होतंच, पण हात मागे घेत होते ते त्या भिंतीमुळे.

आणि इथे मला वाटतं आपल्या लोकांची मोठी गल्लत होते. डब्ल्यूपीसी हे एक मटेरियल नाहीच. अमेरिकेत १९९० च्या दशकात हे घराबाहेरच्या डेकच्या फळ्यांसाठी वाढलं, तिथे बहुतेक पॉलिइथिलीन आणि भुसा, आणि २००३ च्या शेवटी तिथे सीसीए हे कीड-कुजण्यापासून वाचवणारं आर्सेनिकवालं रसायन लावलेलं लाकूड घरगुती कामातून बंद झालं तेव्हा त्याची मागणी अजून वाढली. आपल्याकडे बाजारात जे बोर्ड आणि चौकटी येतात त्या बहुतेक पीव्हीसीच्या, त्यात कॅल्शियम कार्बोनेट (दगडाची भुकटी), भुसा, आणि हलकं करायला फुगवलेलं. काही बोर्डांत तर भुसा नावालाच असतो. पीव्हीसी साधारण ८० अंशाच्या आसपास मऊ पडतं. आता नागपूरचा मे महिना घ्या, २०१३ मध्ये ४७.९ पर्यंत पारा गेलेला आहे, आणि गडद रंगाचा पृष्ठभाग उन्हात हवेपेक्षा वीस-तीस अंशांनी सहज जास्त तापतो. म्हणजे पश्चिमेच्या भिंतीवरचं गडद लुव्हर तिथे अगदी काठावर उभं असतं. बाथरूमच्या आतल्या दाराला हा प्रश्नच येत नाही. सरांचा अनुभव शंभर टक्के खरा होता, फक्त तो त्या जागेचा होता.

साहेबांचं वेगळं. ते सरकारी बांधकाम खात्यातून रिटायर झालेले, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या दरांच्या यादीत, आहे का? मला पहिल्यांदा वाटलं की हा टाळायचा प्रकार आहे, पण त्यांनी समजावून सांगितलं ते मला फार आवडलं. म्हणाले, "पोरी, उद्या ऑडिटवाला विचारेल हे कशावरून घेतलं, तर माझ्याकडे कागद पाहिजे. लाकडाला कोड आहे, प्लायला कोड आहे, म्हणून मी डोळे मिटून सही करतो. याला काय आहे ते दाखव." मग मी सीपीडब्ल्यूडीची (केंद्राच्या बांधकाम खात्याची) दरसूची काढून नेली, त्यात डब्ल्यूपीसी चौकटीचा आयटम सरळ लिहिलेला आहे, कोणतं पीव्हीसी, काय भरायचं, किमान घनता ७५० किलो प्रति घनमीटर, स्क्रू किती ताकदीने धरला पाहिजे, ज्वाला पसरण्याबद्दल काय, सगळं. साहेबांनी चष्मा लावून ती ओळ पूर्ण वाचली, दोनदा वाचली, आणि म्हणाले की हे मला आधी का नाही कोणी दाखवलं, सेल्समन येतात ते नुसते रंगाचे कॅटलॉग दाखवून जातात. मग पेन काढून ७५० खाली रेघ मारली आणि म्हणाले, आता हे आलेल्या मालात आहे की नाही ते कोण तपासणार? बरोबरच होतं त्यांचं.

भाऊंचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दात देते कारण मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटलं. "मॅडम, मले मटेरियलचं काही देणंघेणं नाही. तुम्ही सोन्याची चौकट म्हणा, लावतो. पण वर्षभर डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे बिघडलं तं दुरुस्त करून द्याची जबाबदारी, माह्या बोकांडी हाय, पाच टक्के पैसे तुमच्यापाशी अडकून राह्यते. दार लोंबलं तर फोन आर्किटेक्टले नाही येत, मले येते. अन् मी ज्या मिस्त्रीले पाठवतो तो म्हणते हे आपलं काम नाही." मी विचारलं, मग मीटिंगमध्ये का नाही बोलले? म्हणाले, तिथे सगळे शिकलेले, मी काय बोलू. भाऊंची पंचवीस वर्षं साईटवर गेली आहेत. त्या टेबलावर बसलेल्या आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त दारं त्यांनी लावली असतील, आणि त्यांना बोलावंसं वाटू नये हे काही चांगलं नाही.

तर मिस्त्री काका. यांना भेटायला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो वेळ सार्थकी लागला. त्यांची नाराजी अगदी बारीक बारीक गोष्टींची होती. लाकडात सांधा खाचून बसवता येतो, इथे ४५ अंशात कापायचं, सोल्युशन लावायचं आणि स्क्रूने आवळायचं, म्हणजे हातातलं कसब वापरायला जागाच नाही. नेहमीचा पांढरा गोंद इथे धरत नाही कारण तो लाकडात पाणी जिरलं की वाळतो, इथे पाणी जिरतच नाही, लॅमिनेट लावायचं तर वेगळं अधेसिव्ह पाहिजे. ब्लेड लवकर बोथट होतं. होल्डफास्टची (भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्टीची) सवय आहे, इथे अँकर फास्टनर (भोक पाडून आवळायचा बोल्ट) मारावा लागतो आणि त्याला भिंत ठणठणीत लागते. आणि मुख्य म्हणजे बिजागरी. हलक्या मालात एकदा बसवलेला स्क्रू काढून त्याच भोकात परत घातला की पकड गेलीच. लाकडात काडीचा तुकडा ठोकून भागतं. ते म्हणाले, "दुकानात सगळेच डब्ल्यूपीसी म्हणते, एक माल दगडासारखा अन् एक थर्माकोलसारखा. गिऱ्हाइकाले काय समजते? दार निखळलं की म्हणते मिस्त्रीले काम येत नाही." घनता हा शब्द न वापरता त्यांनी घनतेचाच मुद्दा सांगितला, जो साहेबांनी पेनाने रेघ मारून दाखवला होता.

तोपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की या चौघांपैकी कोणाचाच डब्ल्यूपीसीला विरोध नाहीये. प्रत्येकाला एकच भीती आहे, उद्या बिघडलं तर बोट कोणाकडे दाखवणार, आणि प्रत्येकाची ती भीती वेगळ्या ठिकाणी अडकलेली आहे, एकाची उन्हात, एकाची कागदात, एकाची रिटेन्शनच्या, म्हणजे अडकून राहिलेल्या पाच टक्के पैशात आणि एकाची स्क्रूच्या भोकात. सगळ्यांना एकच प्रेझेंटेशन दाखवून हे सुटणार नव्हतं. म्हणून मी लकडगंज आणि आजूबाजूच्या दुकानांतून वेगवेगळ्या भावाचे तुकडे आणले आणि साईटवरच सगळ्यांसमोर तपासायचं ठरवलं. लॅब रिपोर्ट कंपनीकडून मागवलाच होता, पण समोर बघितल्याने जो विश्वास बसतो तो वेगळा.

वजनाची तपासणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कामाची. १८ मिलिमीटरच्या बोर्डाचा १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा म्हणजे १८० घन सेंटीमीटर. दुकानदार ०.६० घनता (म्हणजे घनमीटरला ६०० किलो) म्हणत असेल तर तो १०८ ग्रॅम भरला पाहिजे. होस्टेलच्या मेसमधला वजनकाटा आणला, आणि ०.६० म्हणून विकलेला एक तुकडा ८५ च्या आसपास भरला. भाऊंनी तो हातात घेऊन बघितला, मग दुसरा घेतला आणि काहीच बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटर काढला. चौकटीचंही तसंच, १०० बाय ६५ च्या चौकटीचा दहा सेंटीमीटरचा तुकडा ७५० च्या हिशोबाने जवळपास ४९० ग्रॅम भरायला पाहिजे. चौकट मधून पोकळ असेल तर ते कापल्यावर दिसतंच.

पाण्याचं फार सांगत नाही, बादलीत आठवडाभर तुकडे बुडवून ठेवले, साधा प्लाय कडेने फुगला, डब्ल्यूपीसीत डोळ्याला फरक नाही. स्क्रूचं काम मिस्त्री काकांनी स्वतः केलं, आधी बारीक ड्रिल मारून मग जाड आट्याचा स्क्रू, काढायचा, परत घालायचा. हलक्या तुकड्यात लगेच फिरायला लागला, जड तुकड्यात पकड चांगली राहिली. काका म्हणाले, हा माल असेल तर मी लावतो, आणि बिजागरीच्या जागी स्क्रू लांब द्या. एवढ्या वेळात कोणी दिलेली ही पहिली पक्की हो होती आणि ती मिस्त्रीकडून आली, याचा मला फार आनंद झाला.

आगीची तपासणी साहेबांच्या आग्रहावरून. मेणबत्तीवर तुकडा धरला की तो वितळत काळा पडतो, तिखट वासाचा धूर येतो, आणि ज्योत बाजूला केली की विझतो. पीव्हीसीत क्लोरीन असतं म्हणून ते स्वतःहून जळत राहत नाही, पण त्या धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू असतो, तो घशाला आणि डोळ्यांना वाईट. काही सेल्समन "फायरप्रूफ" म्हणतात ते मला अजिबात मान्य नाही. मुली झोपतात ती इमारत आहे. म्हणून बाथरूमच्या बाहेर, जिन्याच्या आणि बाहेर पडायच्या वाटेवर डब्ल्यूपीसी लावायचं नाही, जिन्याला स्टीलचं फायर डोअरच राहील, हे मी स्वतःहून लिहून दिलं. साहेबांनी त्या कागदावर सही केली तेव्हा मला वाटतं माझ्यावरचा त्यांचा विश्वास त्या एका वाक्याने वाढला, कारण मटेरियल विकायला आलेला माणूस त्याची मर्यादा कधी सांगत नाही.

सरांसाठी मे महिन्यात गच्चीवर सात फुटी दोन तुकडे ठेवले, एक पांढरट आणि एक गडद, दोन्ही टोकं विटांवर. पहाटे लांबी मोजली, दुपारी परत मोजली. गडद तुकड्याची लांबी तीनेक मिलिमीटर वाढली, आणि मधून तो खाली वाकला, सूर्य मावळल्यावरही पूर्ण सरळ झाला नाही. पांढरट तुलनेत बरा राहिला. इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर गडद तुकड्याचा पृष्ठभाग ७० च्या वर. लाकूड तापमानाने लांबीला जवळजवळ वाढतच नाही, ते पाण्याने फुगतं, आणि डब्ल्यूपीसीचं नेमकं उलट आहे, पाण्याने काही होत नाही पण उष्णतेने वाढतं. म्हणून लाकडाला सोडतो तशी गॅप इथे चालत नाही, जास्त सोडावी लागते. सर गच्चीवर टोपी घालून स्वतः आले होते, त्या उन्हात बराच वेळ तो वाकलेला तुकडा बघत उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या भिंतीवर हेच झालं होतं, मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर. त्यांनी आत येऊन ड्रॉइंगवर बाथरूमपुरतं डब्ल्यूपीसी लिहिलं आणि पश्चिमेच्या बाल्कनीच्या लुव्हरला ॲल्युमिनियम लिहिलं. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात.

राहिल्या काकू. त्यांना प्लास्टिक म्हणजे हलकं, देणगीदार काय म्हणतील, असं वाटत होतं. त्यांना मी काही समजावलं नाही. एका मजल्यावरची बाथरूमं आधी करून घेतली आणि रेक्टर मॅडमनी त्यांना मुलींशी बोलायला बोलावलं. त्या मुलींशी काय बोलल्या मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी बाकी मजल्यांची मंजुरी आली.

झाडं वाचतात म्हणून डब्ल्यूपीसी घ्या असंही बरेच जण म्हणतात, माझ्या एका मैत्रिणीने पण विचारलं. मला ते अर्धं पटतं. पीव्हीसी आणि दगडाची भुकटी जास्त असलेल्या मालाला हिरवं म्हणणं जड जातं. पण दर तीन वर्षांनी कुजून फेकलं जाणारं दार पण झाडच असतं ना. जे पंधरा वर्षं टिकेल ते चांगलं, आणि ते टिकायचं तर घनता पाहिजे, म्हणजे फिरून गोष्ट तिथेच येते. शिवाय कापताना जे तुकडे उरतात ते भंगारात टाकू नका, काही कारखाने परत दळून वापरतात, आपल्या पुरवठादाराला विचारा.

ऑर्डरमध्ये शेवटी काय लिहिलं ते सांगते, कारण हे बऱ्याच जणांनी मला फोनवर विचारलंय. "डब्ल्यूपीसी चौकट" एवढंच लिहू नका. आम्ही लिहिलं की चौकट भरीव, घनता किमान ७५०, पल्ला किमान ६५०, माल साईटवर आल्यावर कोणत्याही नगातून तुकडा कापून वजन होईल आणि कमी भरला तर गाडी परत, त्या नगाचे पैसे पुरवठादाराचे. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या, पल्ल्याला तीनऐवजी चार. स्टॅबिलायझर (पीव्हीसी तापवताना खराब होऊ नये म्हणून घालतात ते रसायन) लेडचा म्हणजे शिशाचा नको, कॅल्शियम-झिंकचा हवा आणि तसं पत्र हवं. एका पुरवठादाराने हे वाचून कोटेशनच दिलं नाही. दुसऱ्याने भाव थोडा वाढवला पण माल बरोबर आला, आणि भाव वाढूनही चौकट सागवानाच्या निम्म्याच्या आतच बसली. भाऊंच्या रिटेन्शनबद्दल पण एक ओळ टाकली, मालाचा दोष असेल तर जबाबदारी पुरवठादाराची, बसवण्याचा दोष असेल तर ठेकेदाराची, आणि फरक कसा ओळखायचा तेही लिहिलं, स्क्रूचं भोक झिजलं की मालाचं, चौकट भिंतीपासून हलली की बसवण्याचं. ही ओळ लिहिली त्या दिवसापासून भाऊ मला स्वतःहून फोन करायला लागले.

पावसाळा गेला, दारं लागतात, कड्या बसतात. एका ठिकाणी फास्टनर ढिला झाला होता कारण मागची भिंत जुन्या विटांची होती, तिथे भिंत फोडून काँक्रीटचा ठोकळा भरून परत लावला, जुन्या इमारतीत काम करणाऱ्यांनी हे आधीच बघून घ्यावं. सरांनी आपल्या दुसऱ्या एका साईटच्या टॉयलेटला डब्ल्यूपीसी धरलंय पण किचनच्या कपाटांना अजून नाही म्हणतात, लांब शेल्फ वजनाने हळूहळू वाकतात म्हणून, आणि तेही बरोबरच आहे, दोन फुटांच्या वर आधार न देता शेल्फ देऊ नये असं माझंही मत झालंय. येत्या मे महिन्यात मी परत गच्चीवर तुकडे ठेवणार आहे, या वेळी तीन-चार रंगांचे. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडच्या कोणी आपल्या साईटवर लावलं असेल तर अनुभव जरूर लिहा, फक्त सोबत जाडी, घनता, रंग आणि कोणत्या दिशेची भिंत ते द्या, नुसतं "आमचं मस्त चालू आहे" किंवा "एकदम बेकार माल" यातून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.